दोन तासांत पन्हाळा? सहल घेऊन येणाऱ्या सर-मॅडमना खुले पत्र

प्रति,
पन्हाळ्यावर शाळेची सहल घेऊन येणारे सर्व मुख्याध्यापक, सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या स्टाफरूममध्ये सहलीची बैठक बसते. एसटीचं सवलतीचं बुकिंग, पालकांची संमतिपत्रं, माणशी वर्गणी, आणि मग तोच ठरलेला मार्ग. पहाटे निघायचं, ज्योतिबा, पन्हाळा, मग कोल्हापुरात अंबाबाई, न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा आणि रात्री उशिरा परत. या धावपळीत पन्हाळ्याच्या वाट्याला दोन तास येतात. घाटात कुणाला गाडी लागली किंवा ज्योतिबाला रांग असली तर दीडच.

मी गडावर राहते. माझं माहेर गडावर आणि सासरही गडावरच. तीन दरवाज्याच्या बाजूला आमची झुणका-भाकरीची टपरी आहे. डिसेंबर-जानेवारीत तुमची मुलं ज्या बाकड्यांवर बसून खर्डा खातात आणि मग पाण्यासाठी बोंब मारतात, ती बाकडी आमची. तेव्हा हे पत्र तक्रारअर्ज समजू नका. तुम्ही आलात तरच आमची चूल पेटते. पण सांगायचं बरंच साठलंय, आणि तुम्ही गडावर असता तेव्हा मुलं मोजण्यातून तुम्हाला मान वर करायला सवड नसते. म्हणून लिहून पाठवते. बी.ए.ला माझा इतिहास होता, आणि गडावर हिंडून दमलेल्या अभ्यासकांना चहा देता देता कानावर पडलेलंही कमी नाही. एवढ्या भांडवलावर बोलतेय.

तुमच्या सहलीत या गडाचा इतिहास एका रात्रीत आटोपतो. कुठे बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी, कुठे आमच्या तीन दरवाज्यात मुलांना गोळा केलं जातं आणि इतिहासाचे सर सुरू होतात. सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली पावसाची रात्र, पालखीत बसून शत्रूच्या हाती गेलेला नेबापूरचा शिवा काशीद, घोडखिंडीतले बाजी आणि बांदल. काही सर इतकं रंगून सांगतात की भाकरी तव्यावर करपायला लागते तरी माझं लक्ष जात नाही. गोष्ट संपते, घोषणा होतात, आणि दुसऱ्याच मिनिटाला एखादा पोरगा विचारतो, ‘सर, आता पुढचा पॉइंट कुठला?’

त्या पोराचं काही चुकलं नाही. त्याला गोष्ट मिळाली, पण गड मिळाला नाही. ती गोष्ट त्याला वर्गात बसूनही मिळाली असती. इथवर आणून त्याला जे फक्त इथेच दिसू शकतं, ते मात्र दाखवायचं राहून गेलं.

एकतर या गडाचं वय आठशे वर्षांच्या वर आहे. शिलाहारांचा राजा दुसरा भोज ११९१-९२ च्या सुमारास इथून कारभार करत होता, याला लेखी पुरावा आहे. नंतर यादव आले, बहमनी आले, आदिलशाही आली. महाराजांनी गड पहिल्यांदा घेतला तो २८ नोव्हेंबर १६५९ ला, अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या १८ दिवसांनी. आणि त्या सुप्रसिद्ध रात्रीनंतर गडाचं काय झालं, हे एकदा तुमच्या नववीच्या वर्गाला विचारून बघा. बहुतेक मुलं म्हणतील, महाराज विशाळगडावर पोचले, तोफा झाल्या, जिंकलो. पन्हाळा त्याच वर्षी आदिलशाहीला देऊन टाकावा लागला होता, आणि पुन्हा हाती यायला १६७३ चा मार्च उजाडला, हे कुणी सांगत नाही. कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्रीचा वर चढला, तेव्हा गड परत आला. म्हणजे जवळपास तेरा वर्षं गड आपल्याकडे नव्हता. हे सांगितल्याने बाजीप्रभूंचं मोल तसूभरही कमी होत नाही. उलट गड गेला तर पुन्हा घेता येतो, राजा गेला तर सगळंच गेलं, हा त्या माणसांचा हिशोब किती पक्का होता ते मुलांना कळतं.

पुढचंही तितकंच रंगतदार आहे. १६८९ मध्ये रायगडाहून निसटलेले राजाराम महाराज जिंजीच्या वाटेवर इथे थांबले होते. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब या डोंगराखाली छावणी टाकून बसला होता, आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याच्या भेटीला इथेच आला होता. इंग्रजीच्या मॅडम सहलीला नुसत्या हजेरी घ्यायला येतात असं मी पाहते. त्यांनी हा एक प्रसंग उचलावा, मुलं कान टवकारतील.

आता तुमच्या बसचं बघू. घाट चढून तुमची बस ज्या जागेतून गडात शिरते, तिथे चार दरवाजा होता. गडाचा एक मुख्य दरवाजा. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारे, त्या बदल्यात इनाम जमिनी खाणारे लोक. इंग्रजांनी त्यांचे हक्क काढायला सुरुवात केली तसे ते उठले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स त्यांच्या हाती लागला, त्याला त्यांनी इथे पन्हाळ्यावर डांबून ठेवला. मग इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला आणि चार दरवाजा पाडला. म्हणजे आज प्रत्येक पर्यटक गडात येतो तो जागेवर नसलेल्या दरवाज्यातून. मुलं तेव्हा खिडकीला नाक लावून माकडं बघत असतात. बस तिथून जाताना एक मिनिट हळू घ्यायला ड्रायव्हरसाहेबांना सांगा आणि पडलेल्या दरवाज्याची ही गोष्ट माइकवरून सांगा. गाणी नंतर लावता येतील.

सगळे या पाडलेल्या दरवाज्याच्या बाजूने गडात येतात, याचा दुसरा परिणाम असा की तीन दरवाजा सगळे उलटा बघतात. हा गडाचा पश्चिमेकडचा दरवाजा, कोकणाच्या अंगाचा. बाहेरून येणाऱ्याला अडवण्यासाठी बांधलेला. तुम्ही मुलांना आतून आणता, कमानीखाली फोटो काढता आणि आतूनच माघारी नेता. किल्लेदाराच्या बाजूने दरवाजा बघितला तर त्यात भिण्यासारखं काही दिसणारच नाही! मुलांना दरवाज्यातून पार बाहेर न्या, थोडं खाली उतरवा, आणि मग ‘तुम्ही शत्रू’ असं सांगून वर चढवा. पहिल्या कमानीतून आत आलं की समोर मोकळं मैदान नाही, चारी बाजूंनी बंद चौक आहे. पुढे दुसरा दरवाजा. मागचा लावला आणि पुढचा उघडलाच नाही, तर आतल्या माणसांनी जायचं कुठे? ओवऱ्यांमधून, वरून पहारेकरी बघतायत. चौकात चाळीस मुलं उभी केली की धक्काबुक्की सुरू होते, आणि तेव्हा कुणीतरी आपणहून म्हणतं, ‘मॅडम, इथं तर सापडलोच की!’ मला ते वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पोराच्या तोंडून ऐकायला मिळावं अशी फार इच्छा आहे. वर कमानीकडे बघायला सांगा. तिथे इब्राहीम आदिलशाहाच्या काळातला फारसी शिलालेख आहे, आणि त्याच दरवाज्याच्या कोरीवकामात मराठ्यांनी डागडुजी करताना बसवलेला गणपती आहे. बांधताना पायात शिसं ओतलं होतं असं जुनी माणसं सांगतात. दोन राजवटींचा हात एकाच दरवाज्याला लागलेला आहे. पुढच्याने मागच्याचं काम पाडलं नाही, वापरलं. हे सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

खरा मुद्दा अंबारखान्याचा. तुमच्यातले निम्मे लोक अंबारखान्यात जातच नाहीत आणि उरलेले ‘आत अंधार आहे, चला’ म्हणून बाहेर काढतात. आतमध्ये वटवाघळांचा वास येतो हे खरं, पण बालेकिल्ल्यातली ही तीन कोठारं म्हणजे गडाचं पोट. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावं. गंगा कोठी सगळ्यात मोठी, सुमारे ९५० चौरस मीटर जागा, उंची दहा मीटरच्या वर. आत सोळा खण आहेत, आणि प्रत्येक खणाला वर आपापलं छत. छताला भोकं. आपल्या घरच्या कणगीला वरून धान्य ओततात तसंच हे, फक्त दगडाचं आणि राक्षसी मापाचं. बाहेरून जिन्याने माणसं छतावर चढायची, पोती ओतायची. भात, नाचणी, वरई. नाचणी आणि वरईकडे लक्ष द्या. वर्षानुवर्षं टिकणारं धान्य कुठलं, याचा विचार करून भरलेलं कोठार आहे ते. छतावर उभं राहून भोकातून खाली बघायला मिळालं तर मुलांना जे समजतं, ते दहा वेळा फळ्यावर लिहून समजणार नाही. मात्र हात धरून, एकेकाला. घाई नको.

मग गणिताच्या सरांना पुढे करा. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. वीस मणांची एक खंडी, चाळीस शेरांचा एक मण. झाले दोन कोटी शेर. माणशी रोज एक शेर धरला आणि गडावर दहा हजार माणसं धरली, तरी दोन हजार दिवस. पाच वर्षांहून जास्त! मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत. मग त्यांना म्हणा, आता उंदीर वजा करा, ओल वजा करा, किडा वजा करा, घोड्यांचा चारा-दाणा वजा करा, आणि कोठी दरवर्षी काठोकाठ भरत असेल कशावरून ते विचारा. मण तरी सगळीकडे एकच होता का, तेही विचारा. आकडा अर्ध्यावर आणा, पाव करा. तरीही मार्च ते जुलै एवढा वेढा निभावून नेण्याइतकं उरतंच.

हा हिशोब झाल्यावर एक प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि माझ्या मते पन्हाळ्याच्या सहलीत विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. धान्य होतं, पाणी होतं, सात किलोमीटरहून लांब तटबंदी होती, तिचा जवळजवळ निम्मा भाग तर उभ्या कड्याचाच. मग महाराज गेले का? जौहरने पावसाळ्यातही वेढा उठवला नाही, त्याने छपरं घालून माणसं बसवली. राजापूरच्या इंग्रजांनी आपली तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याला मदत केली, वर आपलं निशाणही फडकवलं. नेताजी पालकरांना बाहेरून वेढा फोडता आला नाही. हे सगळं होतंच. पण तिकडे मे महिन्यात शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता आणि जूनपासून चाकणच्या किल्ल्याला वेढा पडला होता. फिरंगोजी नरसाळा तिथे झुंजत होता. दोन बाजूंनी दोन बादशाही फौजा आणि राजा मधे डोंगरावर अडकलेला. मला वाटतं, गडावरचं धान्य संपलं म्हणून ते गेले नाहीत. वेळ संपत आला होता, म्हणून गेले. कोठारं भरलेली होती म्हणूनच तर त्यांना निघायची रात्र स्वतः निवडता आली. तुमच्या इतिहासाच्या सरांना हे पटणार नाही कदाचित. मग मुलांसमोरच वाद घाला की! दोन मोठी माणसं एखाद्या गोष्टीवर पुरावे काढून वाद घालतायत, हे मुलांनी कधी बघितलेलंच नसतं.

(राजापूरच्या इंग्रजांना पुढल्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागली. महाराजांनी वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन याच्यासकट गोरे साहेब कैदेत टाकले. मुलांना हा भाग भयंकर आवडतो.)

अंधारबावडीबद्दल थोडक्यात. तीन मजले, सगळ्यात खाली विहीर, वर पहाऱ्याच्या जागा, आणि तटातून बाहेर निसटायला वाट. बाकी गड पडला तरी मूठभर माणसांना पाण्यासकट तग धरता यावा अशी सोय. बघण्यासारखीच आहे, पण जिना अरुंद आहे आणि पायऱ्या झिजलेल्या. एकाच वेळी सगळा वर्ग आत घुसवू नका. मागच्याने ढकललं की पुढचा कुठे जाईल, याचा विचार आधी करा.

आणि ताराराणी. मुलींच्या शाळाही येतात, पण ताराराणींचं नाव घेतल्याशिवाय परत जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. औरंगजेब दख्खनमध्ये, पदरी लहान मुलगा. तरी राज्य हाकलं. पुढे शाहू महाराज सुटून आल्यावर त्यांनी पन्हाळ्याला आपलं ठाणं केलं. कोल्हापूरच्या गादीचं मूळ इथे आहे; राजधानी गडावरून खाली कोल्हापुरात गेली ती १७८२ मध्ये. आणि जी गोष्ट ऐकून मुली गप्प होतात ती ही: १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या बाजूने गादी फिरली, तेव्हा ताराराणींना मुलासकट याच पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं गेलं. जिथून हुकूम सुटायचे तिथेच पहारा बसला.

त्यांच्या वाड्यात नंतर शाळा भरू लागली. हेही मुलांना सांगा, आणि सांगताना आवाज जरा खाली ठेवा. राणीच्या वाड्यात कुणीतरी गुणाकार शिकतंय. तुम्ही घोषणा द्या, जरूर द्या, आम्हीही देतो. पण भरल्या शाळेच्या खिडकीखाली दोनशे मुलांनी एकदम गर्जना केली की आतल्या चाचणी परीक्षेचं काय होत असेल, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

हे ‘आतलं’ तुमच्या मुलांना दिसतच नाही. पन्हाळा हा ओसाड किल्ला नाही, गाव आहे. जेमतेम तीन हजार वस्तीचं, पण नगरपरिषद असलेलं. तहसील कचेरी आहे, कोर्ट आहे, पोलीस ठाणं आहे, रेशन दुकान आहे, पोस्ट आहे. सोमेश्वराच्या तळ्याकाठी आम्ही देवाला जातो, साधोबाच्या दर्ग्याला नारळ ठेवतो. मोरोपंत १७२९ मध्ये याच गडावर जन्मले. तुमच्या मराठीच्या पुस्तकात ज्यांच्या आर्या येतात तेच. त्यांच्या नावाचं ग्रंथालय गडावर आहे. मराठीच्या मॅडम, एखादी आर्या तिथे उभं राहून म्हणून घ्या. पंतांना बारामतीकर समजणारी मुलं चकित होतील.

आमच्या दारात डोकावून ‘अरे, इथं माणसं राहतात!’ असं ओरडणारी मुलं दर हंगामात भेटतात. मला त्यांचा राग येत नाही. किल्ला म्हणजे पडकी भिंत आणि गवत, हेच त्यांना शिकवलंय. त्यांना थांबवून सांगा, की भोज राजाच्या वेळीही इथे तेली होते, कुंभार होते, न्हावी होते, बायका तळ्यावर धुणं धूत होत्या. वेढ्यातही कुणीतरी रोज भाकरी थापतच होतं. तेव्हाही हे गाव होतं, नंतर कधी ते पूर्ण मोडलं नाही, आणि आजही आहे. महाराष्ट्रातल्या किती गडांबद्दल असं म्हणता येईल?

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोने ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे. पेढे वाटले गेले, आणि त्याच गावात त्याआधी काही महिने धाकधूक होती. गड रिकामा करायला लावतील का, व्यवसाय बंद पाडतील का, अशा चर्चा पारावर रोज चालत, बंदही पाळला गेला. त्यामागे नुसती अफवा नव्हती, अनुभव होता. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. गडच स्मारक आणि गडावरच घर म्हटल्यावर पावसात भिंत पडली तरी ती उभारायच्या आधी कागद हलवावे लागतात. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो नसता तर तटाच्या दगडांचे बंगले झाले असते. पण वारसा जपायचा म्हणजे त्यासाठी कुणाला तरी रोज थोडं थोडं सोसावं लागतं, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे आणि ती सांगायला पन्हाळ्याइतकी चांगली जागा नाही. दोन-चार गावकऱ्यांना मुलांसमोर बसवा. आम्ही येऊ. आमचा एक तास घ्या.

याच कायद्यात दुसरंही आहे. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सज्जाकोठीत वरच्या मजल्यावर जाऊन भिंती बघा. तिथे संभाजी महाराज राहिले असं आम्ही सांगतो, जिथून खालचं सगळं खोरं दिसतं, त्या भिंतीवर बदाम आणि बाण आहेत, बारावी क आहे, २०१४ आहे. खिळ्याने कोरलेलं आहे, पुसता येत नाही. नावं वाचून मुलं हसतात. हसू द्या. मग विचारा, हे नाव लिहिणारा आत्ता तुमच्यासमोर आला तर त्याला काय म्हणाल? मुलांनी दिलेली उत्तरं फार कडक असतात. तुमच्या आमच्या भाषणापेक्षा जास्त कामाची.

भूगोलाच्या सरांना राहवणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक. गडाच्या माथ्यावर तांबडा जांभा आहे, खाली काळा बेसाल्ट. जांभ्यातून पाणी मुरतं, म्हणून एवढ्या उंचीवर तळी आणि विहिरी आहेत. म्हणूनच इथे गाव वसू शकलं. आणि तेच मुरलेलं पाणी उतारावरची माती सैल करतं. २०२१ च्या जुलैत धो धो पावसात गडावर येणारा रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा आम्ही काय काय डोक्यावरून वाहून आणलं ते विचारू नका. मुलांच्या हातात जांभ्याचा खडा आणि बेसाल्टचा खडा द्या. वाटेवरचा उचला, तटाचा नव्हे!

तर माझं मागणं असं. ज्योतिबा, पन्हाळा, कोल्हापूर हे एका दिवसात बसवू नका. दोन जागा पुढच्या वर्षावर टाका. सकाळी नऊला गडावर या, चारला उतरा. बस एका जागी उभी करा आणि मुलांना चालवा. गड काही फार मोठा नाही, आणि पॉइंटपासून पॉइंटपर्यंत बसने नेलं तर त्यांना गडाचा आकारच कळत नाही. तीन दरवाजा बाहेरून आत, मग अंबारखाना निवांत, दुपारी जेवण, नंतर ताराराणीचा वाडा बाहेरून आणि बाजारपेठेतून पायी. पुसाटी बुरुजाला वेळ मिळाला तर जा, नाही मिळाला तरी हरकत नाही. सगळं बघून व्हायलाच पाहिजे असा कुठला नियम नाही. आणि आषाढात पावनखिंडीच्या मोहिमेला शाळेतली लहान पोरं आणायचा मोह होतो काहींना. मसाईच्या पठारावर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, चिखलात बूट रुततात. मोठी, सराव असलेली, मोजकी मुलं असतील तरच.

जेवणाचं शेवटी सांगते, कारण तेच तुम्ही आयत्या वेळी सांगता. डबे आणलेत तरी चालतील, बाकडी वापरा, पैसे नकोत. पण थर्माकोलच्या प्लेटा आणू नका. वाऱ्याने त्या कड्यावरून खाली जातात आणि तिथून कुणी काढू शकत नाही. आमच्याकडे जेवायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुलांचा आकडा कळवा. ज्वारी दळून आणावी लागते, पिठलं मोठ्या पातेल्यात वेगळं लावावं लागतं, आणि लहान मुलांसाठी खर्डा कमी तिखटाचा वेगळा कांडावा लागतो. शंभराच्या वर मुलं असतील तर शेजारच्या दोन्ही टपऱ्यांनाही सांगून ठेवते, म्हणजे सगळ्यांना गरम भाकरी मिळेल आणि त्यांचाही धंदा होईल.

आपली नम्र,
तीन दरवाज्याजवळची एक झुणका-भाकरवाली